घुमनीची डावी बाजू

गावाचं नाव मी लिहिणार नाही. गोंदिया स्टेशनवर उतरले आणि तिथून एसटीनं गोरेगावला गेले, इतपत सांगते. पुढे रस्ता कोहमाऱ्याच्या अंगाला वळला की भलतीकडे, डोंगर उजव्या हाताला होते की डाव्या, हे विचारू नका. परत आल्यापासून तिघांनी गोड बोलून विचारून पाहिलं. त्यातले दोघे शोभेचे मासे विकणारे निघाले. त्यांना मी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मी सांगलीची. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर माशांची चित्रं काढायला लागले. दिवाणखान्यात टांगायची नव्हेत. शास्त्रज्ञ एखाद्या नव्या जातीचं वर्णन छापतात, त्याच्यासोबत जातात तसली. खवल्यांच्या ओळी मोजायच्या, परांचे काटे मोजायचे, मगच पेन्सिल टेकवायची. ‘हल्ली फोटो निघतो की’ असं ऐकवणारे भेटतातच. फोटोत चकाकी येते, सावली येते आणि मासा कुणाचं ऐकून थांबत नाही, हे त्यांना समजावून मी थकले. या कामाचा एक रिवाज आहे. मासा डावीकडे तोंड करून काढायचा, म्हणजे त्याची डावी बाजू दिसते. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढं लक्षात ठेवा, माझी पुढची सगळी फजिती यातूनच झाली.

बोलावणं आलं ते वृषालीचं. ही माझी जुनी विद्यार्थिनी. चित्रकलेत कायम काठावर पास, पण आता प्राणिशास्त्र शिकवते आणि सहा वर्षं गोंदियाकडच्या तळ्यांमधले मूळचे मासे शोधत हिंडते. फोनवर म्हणाली, “बाई, एक मासा आहे. कुठल्याच पुस्तकात नाही. आणि पाच दिवसांनी ग्रामसभा आहे.”

गोरेगाव

ग्रामसभेचं काय ते मला गोरेगावच्या बाजारात, पोह्यांवर लालभडक तर्री ओतता ओतता कळलं. गावात एक बोडी आहे. लहान तळ्याला इकडे बोडी म्हणतात. तिच्या एका कडेला खडक, खडकाखाली झरा, आणि त्या पाण्यात हा मासा. दुसरीकडे कुठेच नाही. आता ती बोडी मशीन लावून खोल करायची, भोवती सिमेंटची भिंत घालायची आणि रोहू-कतल्याचं बीज, म्हणजे विकायच्या माशांची पिल्लं, सोडायचं, असा ठराव येणार होता.

“खोदलं की झरा मोडेल, आणि उरलेल्या माशांचं खाणं कतले संपवून टाकतील,” वृषाली म्हणाली. “जातीला नाव मिळालं, तर वाचवा असं म्हणायला काहीतरी हातात असेल. नाहीतर कुणाला वाचवा म्हणू? जिला नावच नाही तिला?”

तिच्यापाशी चार मासे होते, स्पिरिटच्या बाटलीत. पावसाळ्यात बोडी फुगली तेव्हा पाण्याबरोबर बाहेर येऊन धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, मेलेले. गावानं तेवढेच दिले. बोडीत जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, ही गावाची अट. बाटलीतले मासे उकडलेल्या बटाट्यासारखे पांढरे पडले होते, अंगावरची एकही खूण उरली नव्हती. जिवंतपणी ते कसे दिसतात, हे कागदावर उतरवायला मी हवी होते. पाण्यात बुडवायचा कॅमेरा तिनं आणला होता, तो पहिल्याच दिवशी आत पाणी शिरून मेला.

दिवाळी उलटून गेली होती. मोटारसायकलवर तिच्यामागे बसून निघाले तेव्हा दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या पेंढ्या पडल्या होत्या, आणि माझे गुडघे थंडीनं नव्हे तर खड्ड्यांनी कुरकुरत होते.

बोडीवर

आम्ही उतरलो सुकवारोबाईंकडे. पंचाहत्तरीच्या गोंड बाई, अंगानं काटक, आवाज खणखणीत. बोडीला लागून त्यांचंच घर शेवटचं. रोज सकाळी बोडीची पाळ, म्हणजे काठाचा बांध, झाडायची, हे त्यांचं काम. कुणी दिलेलं नाही, त्यांची आई करायची म्हणून त्या करतात.

हात-पाय धुऊन मी एकटीच बोडीकडे गेले. आमच्या शाळेचे दोन वर्ग मावतील एवढं गोल पाणी, वर मोहाची दोन झाडं. पहिल्यांदा मला कळेना की खटकतंय काय. मग कळलं, की आवाजच नाही. वाटेत सगळीकडे पाखरांचा गलका होता, इथे बेडूकसुद्धा ओरडत नव्हता. पाण्यावर पडलेली पानं हळूहळू गोल फिरत होती, घड्याळाच्या काट्यासारखी. वारा नव्हता. मी जुन्या सवयीनं, गणपतीच्या देवळात घालते तशी, पाण्याला उजव्या हाताशी ठेवून पाळीवरून चालायला लागले.

दहा पावलं गेले असेन. कुणीतरी मागून माझे दोन्ही खांदे धरले आणि मला गर्रकन वळवलं.

“उलट्या कायले फिरून राहिल्या, मास्तरीनबाई?” सुकवारोबाई.

“मी सरळच फिरतेय, मावशी.”

“हे सरळ होय? पाहा, त्या मासोऱ्या कोनीकडे जाऊन राहिल्या.”

मी पाण्यात पाहिलं. बोटाएवढे मासे, तांबूस, पाठीवर काळपट झाक, शेकड्यांनी, काठापासून पार मध्यापर्यंत. सगळे एकाच दिशेनं, पानांच्या उलट, घड्याळाच्या उलट फिरत होते. एकही मागे वळत नव्हता, एकही रांग मोडत नव्हता. गावातली माणसंही पाळीवरून जाताना त्याच दिशेनं जातात. दोन पावलांवर काम असलं तरी उरलेला सगळा फेरा घालून पोचतात. आमच्याकडे देवाला प्रदक्षिणा घालतात तिच्या बरोबर उलट. कोण सरळ आणि कोण उलटं, यावर आमचा थोडा वाद झाला. त्या जिंकल्या, कारण मासे त्यांच्या बाजूनं होते.

या माशाला गावात घुमनी म्हणतात. वृषालीनं मला समजावलं की झऱ्याचं पाणी तिरकं आत येतं, त्यानं सगळं पाणी फिरतं आणि मासे प्रवाहाच्या विरुद्ध पोहतात, यात नवल काही नाही. मी मान डोलावली. पण त्या शांततेबद्दल तिनं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि जवसाची चटणी. सुकवारोबाई वाढत होत्या तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. उजव्या हातावर गोंदणाची गच्च नक्षी होती. डाव्या हातावर मात्र, कोपरापासून मनगटाकडे, ठिपक्यांची एकच रांग. बाकी हात मोकळा.

“हे कशाचं, मावशी?”

“गोंदना.”

“पण कशाचं?”

“माय म्हने, डाव्या हातावर असंच असते. गावातल्या साऱ्या बुढ्यांयले हाय. आता पोरी नाई गोंदत, दुखते म्हनतात.”

हाताला चाळा म्हणून मी तो हात वहीत उतरवून ठेवला. सहा ठिपके, एकसारख्या अंतरावर.

चोरी

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकावर पालथी पडून मी कामाला लागले. वृषालीनं तेलाच्या डब्याचं बूड कापून तिथे काच बसवून आणली होती. डबा पाण्यात टेकवला की आतलं लख्ख दिसतं. घुमनी माझ्यापासून हातभर अंतरावरून जात होत्या, एकीमागे एक. मी खवले मोजले, परांचे काटे मोजले, तांबूस रंग कुठे सोनेरी होतो ते टिपलं. दुपारपर्यंत मान आखडली आणि चित्र झालं. झक्क झालं.

मग माझ्या ध्यानात आलं, की मासा उजवीकडे तोंड करून आहे. घुमनी पाण्याच्या उलट्या फिरतात, म्हणजे काठावरच्या माणसाला त्यांची उजवी बाजूच दिसते. मी जागा बदलली. खडक सोडून समोरच्या पाळीवर गेले. तिथूनही उजवीच. गोल फिरणाऱ्या प्राण्याची आतली बाजू काठावरून दिसणार कशी? डावी बाजू मधल्या पाण्याकडे, मधे पाहणारं कुणी नाही, आणि पलीकडच्या घुमनींच्या एवढ्या लांबून नुसत्या पाठी दिसतात.

आता कबूल करते. मी चित्र खिडकीच्या उजेडावर पालथं धरलं, वर पातळ कागद ठेवला आणि उलटं करून गिरवलं. पाच मिनिटांत मासा डावीकडे पाहायला लागला. आमच्या धंद्यात हे करतात. माशाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, कोण बघायला जातंय?

संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात ते सुकवारोबाईंपुढे धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग कागद जमिनीवर पालथा ठेवला.

“हे कोन हाय?”

“घुमनी. तुमचीच.”

“नाई. घुमनी तिकडे जात नाई.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्या अंगाले काय हाय, तुमी पायलं?”

“नाही.”

“मंग काऊन काढलं?”

एकतीस वर्षं मी पोरांना हेच विचारत आले होते. डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते कागदावर कसं आलं? माझी मान खाली गेली. वृषाली बाजूला बसली होती, तिनं सोयीनं चुलीत काटकी सारली.

“मावशी,” मी म्हटलं, “बोडीत उतरायला मनाई आहे का?”

“मनाई नाई,” त्या म्हणाल्या. “कोनी जात नाई, येवढंच.”

मधे

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन सरळ पाण्यात उतरत होतं तेव्हा, मी पाण्यात पाय घातला. सुकवारोबाई पाळीवर उभ्या होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं, “त्यायच्या संगं चाला. आडव्या नोका जाऊ.” म्हणून मी सरळ मध्यावर न जाता माशांच्या दिशेनं, आत आत येणारे फेरे घेत गेले. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. थंडी हाडात शिरली. पायाखाली गाळ असेल असं वाटलं होतं, पण मऊ वाळू होती आणि ती खालून हलत होती, कुणीतरी श्वास घेत असल्यासारखी. झरा असणार. मी स्वतःला तसं मोठ्यानं सांगितलंसुद्धा.

मध्यावर पोचून डबा पाण्यात तिरका टेकवला आणि आत पाहिलं.

घुमनी माझ्याभोवती फिरत होत्या. आणि प्रत्येकीचा डावा डोळा माझ्यावर होता. माशाला पापणी नसते, हे मी हजार वेळा चित्रात काढलं आहे. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी शेकडो उघडे डोळे पाहत असतात तेव्हा ते माहीत असून काही उपयोग होत नाही. मला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी.

तेवढ्यात त्या थांबल्या. पानं वर फिरत होती, वाळू खाली हलत होती, आणि मासे जागच्या जागी, शेपटी मंद हलवत, उभे. किती वेळ, सांगता येणार नाही. नंतर वृषाली म्हणाली, मिनिटभर असेल. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांनी मात्र त्यांचं काम केलं. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत, पोटाच्या जरा वर, काळे ठिपके. उजव्या बाजूला यातलं काहीच नव्हतं. मी मोजले. पुन्हा मोजले. दुसरीचे मोजले, तिसरीचे मोजले. सात. सहावा आणि सातवा अगदी जवळजवळ, शेपटीच्या मुळाशी.

मग त्या पुन्हा फिरायला लागल्या, आणि मीही त्यांच्यासंगं फिरत, आडवी न जाता, बाहेर आले. वृषालीनं अंगावर घोंगडी टाकली. दात वाजत होते तरी मी आधी वही मागितली.

चित्र पुरं व्हायला तीन तास लागले. वृषालीनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“बाई, रागावू नका,” ती म्हणाली. “हे ठिपके तुम्ही पाण्यात पाहिलेत की मावशींच्या हातावर?”

मी रागावलेच. मग राग ओसरला. कारण रांग तीच होती. परवा रात्री मी तो हात वहीत काढला होता. भेदरलेल्या माणसाचे डोळे काय वाट्टेल ते दाखवतात. माझ्या भरवशावर वृषालीनं खोटं छापलं, तर उद्या कुणीही उठून म्हणेल की असा मासाच नाही. मग नावही गेलं, आणि बोडीही गेली.

मी वही मागे उलटली. हाताचं चित्र काढलं. त्यावर सहा ठिपके होते.

“सहा,” मी म्हटलं. “हातावर सहा आहेत. माशावर मी सात काढलेत. हातावरून उचलले असते तर सहा आले असते.”

आम्ही दोघी सरळ चुलीपाशी गेलो. सुकवारोबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांचा डावा हात हातात घेतला. ठिपके सहाच, सहावा बांगड्यांना टेकलेला. बांगड्या जुन्या, घट्ट, मनगटात रुतलेल्या.

“मावशी, या जरा वर सरकवाल?”

त्यांनी तोंड वाकडं केलं, जोर लावला आणि बांगड्या वर चढवल्या. खाली, पांढुरक्या पडलेल्या कातडीवर, सहाव्याला चिकटून सातवा ठिपका होता.

वृषालीनं ठिपके पुन्हा मोजले. सुकवारोबाईंनी चित्र घेतलं, हात शेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “आमी कधी विचारलंच नाई, बापा,” त्या हळूच म्हणाल्या. “मायले बी तिच्या मायनं गोंदून देल्लं होतं. म्हनजे कोनीतरी मधात उभी होती.”

ग्रामसभा

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. सरपंच तरुण होता, मुद्देसूद बोलणारा, वाईट माणूस मुळीच नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. “मॅडम, पानी पायजे का नाई, सांगा. बोडी खोल झाली तं उन्हाळी धान होते. हे मासोरी येवढीशी. खाता येत नाई, बेचता येत नाई. तिच्यासाठी साऱ्या गावानं कायले बसून राहाचं?”

वृषालीनं नव्या जातीचं सांगितलं, नावाचं सांगितलं, बोडीच्या खाली पडीक जागेत दुसरं तळं खोदता येईल हेही सांगितलं. माना हलल्या, पण बाहेरच्या माणसापुढे हलतात तशा. मग तिनं माझं चित्र वर धरलं.

“हे ठिपके कुठून आनले?” सरपंच हसला. “बोडी आमची हाय जी. लहानपनापासून पाहून राहिलो. घुमनीले ठिपके नाईत.”

“या अंगाले नाईत,” सुकवारोबाई उठून म्हणाल्या. “हे बाई मधात जाऊन आली.”

लोक चित्राकडे पाहायचे सोडून माझ्याकडे पाहायला लागले, आणि मला पुन्हा त्या पाण्यात असल्यासारखं वाटलं.

सुकवारोबाईंनी डावा हात पुढे केला आणि बांगड्या वर चढवल्या. मग बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली, तिनंही चढवल्या. मग आणखी एक. पडवीत फक्त बांगड्यांचा आवाज. शेवटी खांबाला टेकून बसलेली एक बाई उठली आणि सरपंचासमोर जाऊन उभी राहिली. त्याची आई. तिच्या बांगड्या निघेनात, म्हणून तिनं त्यालाच सांगितलं, “काढ.”

त्यानं आईच्या बांगड्या वर सरकवल्या. बोटानं एकेक ठिपका मोजला. सातव्यावर त्याचं बोट थांबलं ते बराच वेळ तिथेच राहिलं.

“माय, हा मी कधी पायलाच नाई,” तो म्हणाला.

बोडीला हात लावायचा नाही, मशीन खालच्या पडीक जागेत लावायचं, असा ठराव झाला. बाहेरून आणलेलं बीज बोडीत कधीच सोडायचं नाही, ही ओळ सरपंचानं स्वतः सांगून लिहून घेतली.

निघताना सुकवारोबाई मोटारसायकलपर्यंत आल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, “तुमी त्यायचं एकच अंग पायलं, मास्तरीनबाई. त्यायनं तुमाले चारही बाजूनं पायलं.” मी हसले. गोंदियापर्यंत मागे वळून पाहायचा धीर झाला नाही, हेही सांगून टाकते.

वृषालीचं वर्णन आता छापून आलं आहे. घुमनीला पुस्तकातलं लांबलचक नाव मिळालं, गावाचा पत्ता मुद्दाम मोघम ठेवला आहे, आणि शेजारी माझं चित्र आहे, डावीकडे तोंड केलेलं. खालचं तळंही खोदून झालं. मला वाटलं, संपलं.

परवा वृषाली गावात होती. तिनं फोन लावून सुकवारोबाईंच्या हातात दिला. मी पाणी विचारलं, धान विचारलं, आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलं, “फिरून राहिल्यात ना, मावशी?”

“फिरून राहिल्या जी. साऱ्या हायेत.” मग म्हणाल्या, “पन आता मधातून एकबी जात नाई. तुमी उभ्या होत्या तेथची जागा सोडून फिरतात. एका मानसाची.”

मी खुर्चीत नीट बसून घेतलं. मग म्हटलं, “असू दे, मावशी. तिथे कुणाला येऊ देऊ नका.”